येणे सात फोरिंट

डेब्रेत्सेनच्या या खोलीत
हीटरमागे पडलेला मोजा काढायला गेलो
तर हाताला वही लागली.
चौकटीची, शंभर पानी,
वर नाव, नुरझात. आडनाव नाही.
मुलगा की मुलगी, कळायला मार्ग नाही;
इथल्या भाषेत तो आणि ती एकच शब्द.

आत नुसता जमाखर्च.
तोही हंगेरियनमध्ये. फुकटचा सराव असणार,
कारण भाषेच्या क्लासची फी
पहिल्याच पानावर लिहून खोडली आहे.
क्रुम्प्ली, बटाटे, दोन किलो.
केन्येर, पाव, कालचा, निम्म्या किमतीत.
झेब म्हणजे खिसा, हे शिकावं लागलं नाही,
आपल्याच जेबेचा कुणी लांबचा भाऊ.
आणि नेम म्हणजे नाही.
चीज, नेम. कॉफी, नेम.
गुरुवारचा सिनेमा, नेम नेम.
आमच्या घरीही नेम धरला
की खाणं बंदच व्हायचं.

मी माझा हिशेब फोनमध्ये ठेवतो.
पहिले दोन महिने प्रत्येक किमतीला चाराने भागायचो
आणि रुपयांत दचकायचो.
आता दचकणं ॲपवर सोपवलंय.
एक रंगीत गोल, त्याच्या पाच फोडी,
सगळ्यात मोठ्या फोडीचं नाव, इतर.
बावीस तारखेला ती लाल होते.
कशाने, ते तिला माहीत नाही
आणि मला आठवत नाही.

नुरझातकडे इतर नाहीच.
सुईदोरा आहे, बुटाची एकच नाडी आहे,
ट्रामचा दंड आहे आणि त्यापुढे
डिक्शनरीत न सापडणारा एक शब्द.
तो मी पिरोश्का नेनीला दाखवला.
ती खाली किल्ल्या सांभाळते.
आधी कानापर्यंत लाल झाली, मग पोट धरून हसली,
मग मला दोन बिस्किटं दिली.
बिस्किटं मी जमेला धरली.

तीन डिसेंबर: विराग, अठराशे.
मी थांबलो. विराग?
एवढ्याला मिळतो?
डिक्शनरी म्हणाली, फूल.
अठराशेची फुलं,
आणि चार, पाच, सहा, सात तारखेला
फक्त क्रुम्प्ली.
आठला तेही नाही.
कुणासाठी, ते लिहिलेलं नाही,
वहीत तेवढा रकानाच नव्हता.

पिरोश्का नेनीच्या किल्ल्यांच्या फळीखाली
नवऱ्याचा फोटो असतो.
खाली दोन तारखा. दुसरी, एक डिसेंबर.
रोज किल्ली घेताना दिसते.
मी काही विचारलं नाही.
प्रत्येक बेरीज मोठ्याने करायची नसते.

पण खरी गंमत समासात आहे.
एक आणि दोन फोरिंटची नाणी इथे कधीच बंद झाली.
रोख दिलंत तर बिल पाचावर आणतात,
तीनचे पाच होतात, दोनचे शून्य,
आणि कुणी तक्रार करत नाही.
नुरझात करतो. किंवा करते.
पेन्सिलने, मुंगीएवढ्या अक्षरात,
प्रत्येक पावापुढे, प्रत्येक मिठापुढे
अधिक एक, उणे दोन, अधिक दोन.
कुठल्याच खिशात नसलेली नाणी
वर्षभर जपून मोजलेली.
शेवटचं पान जूनचं,
खाली दोन रेघा, मधे एकच ओळ:
हंगेरीचे माझ्याकडून येणे, सात फोरिंट.

परवा मीही खोली सोडतोय.
त्या ओळीखाली दहाचं नाणं टेपने चिकटवलं.
लिहिलं, फिटले.
वरचे तीन पुढच्याच्या जमेला.
वही होती तिथे सरकवली.
मोजा तेवढा काढून घेतला,
नवा जोड नऊशेला पडतो.