उलटा सहा

टेलिफोन खात्यातून सुटले त्याला सात वर्षं झाली.
निरोपाला मिळालेलं घड्याळ
पहिल्या दिवसापासून दहा मिनिटं पुढे.
मी ते मागे करत नाही.
त्या दहा मिनिटांत पुष्कळ काही उरकतं.

सोमवारी, गुरुवारी मुलींच्या अंधशाळेत.
सराव परीक्षेची लेखनिक, असं कागदावर.
वैजयंता सांगते, मी लिहिते.
माझं पेन अडखळलं की तिला ऐकू येतं.
"चुकलं का, मावशी?"
मी काही सांगायचं नाही, असा नियम.
श्वाससुद्धा बेतानं सोडायचा.
परवा तिनं महानदीचा उगम नाशकात नेऊन ठेवला
आणि मी, मार्था दाविद मकासरे,
सातवीत भूगोलाला पैकीच्या पैकी,
सुवाच्य अक्षरात लिहिलं: नाशिक.
बत्तीस वर्षं लोकांचं बोलणं इकडून तिकडे जोडून दिलं,
मध्ये तोंड घातलं नाही.
तरी नाशिक लिहिताना हात दुखला.

बुधवारी दाविद जुन्या बाजारात.
घरात आता नऊ रेडिओ.
बोलतो त्यातला एक,
तोही फक्त बाजारभाव.
"दुरुस्त होईल," म्हणतात, आणि चष्मा शोधतात.
मी तोवर टोपडी विणते,
ससूनमध्ये दिवसांआधी आलेल्या बाळांसाठी.
माप मोसंबीचं.
मोसंबीला टोपडं घालून बघते, बसलं की काढते,
आणि मोसंबी खाऊन टाकते.

शनिवारी संध्याकाळी चर्च.
ज्येष्ठांचा पास बघून कंडक्टर विचारतो,
आज पण ड्यूटी?
आज पण.

पाटीवर उद्याच्या गीतांचे आकडे लावायचे असतात.
लाकडी आकडे, कोणी सुतारानं कधी कापलेले.
यातला तीन हरवलाय.
पाळकसाहेब म्हणाले, नवीन करून घेऊ.
हे गेल्या ईस्टरला म्हणाले.
तोवर सहा उलटा टांगते.
शेपटी वर येते त्याची, मुलं हसतात,
पण लांबून चालतो.

रजनीबाई हिवाळ्यांचं आणि माझं बोलणं
नाताळच्या एका सोलोवरून बंद आहे.
कुठल्या नाताळच्या, ते दोघींनाही नेमकं आठवत नाही.
प्रभुभोजनाचे इवलेसे पेले मात्र
दोघींच्याच वाट्याला.
मी विसळते, त्या पुसतात.
एकशेचाळीस.
आईनं माझं नाव ठेवलं तेव्हाच हे काम नेमून दिलं असणार.

गेल्या महिन्यात एक कमी भरला.
मी मनात मोजले. त्यांनी मोठ्यानं मोजले.
एकशेएकोणचाळीस.
परत.
एकशेएकोणचाळीस.
मग दोघी हार्मोनियमखाली वाकलो,
चार गुडघे, त्यातला एक बदललेला,
आणि उठताना कोणी कोणाचा हात धरला
हे सांगता येणार नाही.
पेला सापडला नाही.
मुंग्यांची एक रांग तेवढी सापडली,
शिस्तीत निघाली होती कुठेतरी.

काल पहिलंच गीत त्रेसष्ट.
स्टुलावर चढले, सहा लावला,
दुसरा सहा उलटा केला.
स्टूल डुगडुगलं आणि थांबलं.
खाली बघितलं तर रजनीबाई,
दोन्ही हातांनी पाय धरून.
माझे नव्हे, स्टुलाचे.

"तिरका आहे," म्हणाल्या.
"कोणता?"
"तो तीन."
"सहा आहे तो."
"मला ठाऊक आहे."

आज रविवार. लवकर आलेय.
बाकांवर अजून कोणी नाही.
सोलापूर रस्त्यावरून एक ट्रक जातो
आणि खिडकीची एक काच नेहमीसारखी थरथरते.
घड्याळात साडेआठ,
म्हणजे दहा मिनिटं आहेत.
पाटीच्या कडेला धूळ दिसतेय.
पदराचं टोक ओलं करते.
उद्या वैजयंताचा भूगोल तपासून येईल.