गुलछबू

पाश्कूची घोडागाडी कुडतरीच्या तळ्याकडून निघते
सकाळी सातला, पोदेराचा भोंगा वाजून गेल्यावर.
मागची लाल गादी पाहुण्यांची. आज पाहुणे नाहीत.
आज तो मीस चुकवतो,
मी स्वयंपाक.

घोडा मिरजेचा. मीही मिरजेची.
मडगावच्या बँकेत एकवीस वर्षं
नोटा मोजता मोजता माझी मराठी निम्मी कोकणी झाली,
घोड्याची नाही.
त्याला आणला तेव्हा पाश्कू म्हणाला, "वच रे बाबा."
मग पोर्तुगीजमधून म्हणाला,
मग जहाजावरच्या इंग्रजीतून.
गुलछबू उभाच. कानावरची माशीसुद्धा हलली नाही.
मी बँकेतून परतत होते, सहज बोलले,
"चल की लेका, पाव्हणं खोळंबल्यात."
निघाला.
तेव्हापासून रविवारी पुढची जागा माझी.

उजवीकडे खाजन, डावीकडे खाजन,
मधून बांध, बांधावर चुना लावलेला खुरीस,
मानशीच्या दारापाशी जाळं झटकणारा कुणी
आमच्याकडे बघून हात न हलवता हसतो.
पाश्कूचा पाढा सुरू होतो:
लिव्होर्नो बंदर, तिथून आत तोस्काना,
सरूची झाडं रांगेत, आल्तारावरच्या मेणबत्त्यांसारखी,
टेकडीवर द्राक्षं, टेकडीखाली द्राक्षं,
आणि काळी बग्गी, दोन पांढरे घोडे,
चाकांचा आवाज असा की
बोलणाऱ्याने आपोआप हळू बोलावं.
"तशीच ही," म्हणतो. गाडी सांगलीहून,
लग्नाच्या वरातीतली. मोराचं एक पीस
अजून निघता निघत नाही.

पाहुण्यांना तो हे सगळं इटालियनमध्ये सांगतो.
एकदा खरंच इटालियन बाई बसली होती, हसली,
तिला काहीच कळलं नव्हतं.

चांदरच्या फाटकाजवळ शिट्टी वाजली.
गुलछबूने मान उचलली,
आणि लगामाला न विचारता वळला,
सरळ स्टेशनच्या दारात जाऊन
गाडीची पाठ फलाटाकडे करून उभा राहिला.
अकरा वर्षांची नोकरी त्याची. शिट्टी म्हणजे सवारी.
मालगाडी होती. कोळसा घेऊन गेली,
कुणी उतरलं नाही.
तो तरी थांबला.
मी त्याला सांगितलं नाही की हेच रूळ
लोंढ्यावरून मिरजेला जातात.
त्याला ठाऊक असावं.

पाश्कू बराच वेळ त्याच्या मानेकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "बाय, मी बसलो नव्हतो त्या बग्गीत."

बसले होते केबिनवाले. हा फोटो काढत होता,
एकेकाचा कॅमेरा घेऊन, मागे मागे चालत,
चढावर टोप्या सांभाळत, त्यांच्या पाण्याच्या बाटल्या.
गाडीवान भला होता, परतीला म्हणाला, ये, चढ.
याने पायरीवर पाय ठेवला
आणि दूर खाली बंदरात जहाजाचा भोंगा.
"निदान मला तसं वाटलं," पाश्कू म्हणाला.
"इतक्या लांब ऐकू येत नाही, हे मागाहून कळलं."
पाय काढून घेतला. पळत गेला.
जहाज सुटायला तीन तास होते.

मी लगाम मागितला.
त्याला मागे बसायला लावलं, लाल गादीवर.
आधी कडेला बसला, वेटरसारखा,
गुडघ्यांवर हात ठेवून.
बांध संपेपर्यंत जरा टेकला.
माड रांगेत नव्हते, कसेही उभे होते,
पाण्यात वाकडे, एकमेकांच्या अंगावर.
तो काहीच दाखवत नव्हता. इटली नाही, काही नाही.
एका म्हशीला मात्र त्याने
टोपी काढून नमस्कार केला.

तळ्यापाशी उतरला, खिसा चाचपला.
"किती झाले?"
मी म्हटलं, "स्टेशन ते दर्गा, पाच रुपये."
माझ्या लहानपणीचा दर.
त्याने दहाची नोट दिली.
एकवीस वर्षं कॅशियर मी,
माझ्याकडे सुटे नव्हते.