एक 'सुरू' जास्त

पुन्ता अरेनास. जून. सकाळचे नऊ, तरी खिडकीत रात्रच.
रोसाउरा मान्सिया हीटरपाशी खुर्ची ओढते
आणि बंदराच्या जुन्या बिनतारी नोंदी उघडते :
एकच फाइल, त्र्याऐंशी हजार ओळी.

प्रोग्राम एकेक ओळ वाचतो,
नवं वाचायला शिकलेल्या मुलासारखा, बोट ठेवून.
पण संदेश काही ओळीत मावत नाही.
'सुरू' इथे, बोटीचं नाव खाली,
वारा त्याच्याही खाली, आणि 'समाप्त'
कधी पाचव्या ओळीला, कधी अकराव्या,
ऑपरेटरची सिगरेट किती उरलीय त्यावर.

ती टिंब लिहिते. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर.
कुठलंही; फक्त ओळ संपली की ते थबकतं,
धक्क्याच्या टोकाला आलेलं कुत्रं
पाण्याकडे बघत थांबावं तसं.
जा रे, ती म्हणते, ओळीचा शेवटही अक्षरच समज.

आणि टिंब सुटतं.
पहिल्या 'सुरू'पासून शेवटच्या 'समाप्त'पर्यंत
आठ वर्षांचा समुद्र आधाशासारखा एका घासात.
निकाल : संदेश एक.

रोसाउरा एकटीच हसते. एक प्रश्नचिन्ह जोडते.
एवढ्याशा शंकेने आधाशी ताळ्यावर येतो,
पहिल्याच 'समाप्त'ला हात धुऊन
पानावरून उठतो.

संदेश चार हजार एकशे बारा.
'सुरू' मात्र चार हजार एकशे तेरा.
म्हणजे कुणीतरी
दुसऱ्याच्या पोटात आहे.

माते गार होतो. दिवस उगवून कलतोही.
शेवटी सापडते खेकड्यांची बोट 'फिलोमेना' :
पोर्वेनीरला कळवा, एलियानाला सांगा की मी
चाळीस टन लोकर, हवा ठीक. समाप्त.

लोकर दुसऱ्याच जहाजाची.
ती घाईघाईने खाली जाते, ओळींवर ओळी,
आणि नऊ दिवसांनी 'फिलोमेना' पुन्हा :
खेकडे तीनशे किलो. डिझेल पाठवा.
बुडालं नव्हतं कुणी. वाक्य तेवढं.

ती नवा नियम घालते :
'समाप्त'च्या आधी दुसरं 'सुरू' आलं, तर तिथेच थांब.
आता हिशेब जुळतो. एक रकाना रिकामा.

संध्याकाळी ती ओयार्सोला फोन लावते, तेव्हाच्या ऑपरेटरला,
वय एक्याण्णव, कान एकच.
'मी'च्या पुढे काय होतं?
पाळी बदलली असेल, तो म्हणतो. नाहीतर फीत संपली.
आणि एलियाना?
कुठली एलियाना, पोरी?
पोर्वेनीरात तेव्हा निदान सहा होत्या.