उगाच शेपटी हलवू नकोस

अन्वय, पहिली गोष्ट. मगर बोलत नाही.
काल रात्री गेममधल्या तळ्यात शिरलास
आणि लिहिलंस, "मी आलोय, सावध राहा सगळे!"
मगर अशी दवंडी पिटून येते का रे?

तिथले लांडगे तर बघवत नाहीत.
निळे डोळे, पाठीला पंख, गळ्यात चांदीची साखळी,
दर दोन ओळींना गुरगुरतात,
आणि पाय मोडला तरी पुढच्या मिनिटाला धावतात.
एकालाही तहान लागत नाही.
एकाच्याही कानात गोचीड नाही.

म्हणून आज रविवार असून उठवलं तुला.
कुरकुरत बसलास स्कूटरवर मागे,
दांडिया बाजारातून काळ्या घोड्यापर्यंत जांभया देत.
आता पुलाच्या कठड्याला पोट टेकव आणि बघ.
विश्वामित्री. उकळून उरलेल्या चहाच्या रंगाची.
पिशव्या, निर्माल्य, एक डाव्या पायाची चप्पल,
आणि चिखलाच्या उतारावर ते ओंडक्यासारखं...
हो, तेच.

नऊ मिनिटं. "आत्या, मेलीये का ती?"
सतरा. तू मोबाइल काढलास, परत ठेवलास.
मागून एका काकांनी विचारलं, "शुं जुओ छो?"
मी म्हटलं, "मगर."
"ए तो रोज होय," म्हणाले,
आणि पुडीतले गाठिये खात निघून गेले.

एकतिसाव्या मिनिटाला तिच्या डोळ्यावरून
एक पडदा सरकला. आडवा, काचेचा.
एकदाच.
तू माझी ओढणी घट्ट धरलीस.

हे असं यायला हवं तळ्यात.
थंडीत तिला भूक नसते, आठवडेच्या आठवडे,
तेव्हा जानेवारीत कुणी समोर हरिण आणून उभं केलं
तरी जाऊ दे त्याला.
तोंड उघडं टाकते ते रागानं नव्हे, ऊन जास्त झालं म्हणून.
पोटात दगड असतात तिच्या, वळताना जड वळ.
आणि बगळ्यांची घरटी बांधायची वेळ आली
की नाकावर दोन काटक्या ठेवून पडून राहा.
बगळा होणारी ती मुलगी कुठल्या गावची कोण जाणे,
पण तिला कळेल.
जरा उशिरा कळू दे.

मला कसं माहीत?
अकरा वर्षं झाली. लॅबमधून रात्री परतले
की तासभर मी मगर असते.
दिवसभर खिडकीशी माणसं, रिपोर्ट कधी, इतका का, पुढं काय.
तिथं पाणी काही विचारत नाही.
माझ्या कोर्टाच्या तारखा चालू होत्या ना,
त्या हिवाळ्यात मी चार महिने एकच शब्द लिहिला, "गाळात."
खेळणारे कंटाळून दुसऱ्या तळ्यांवर गेले.
एक कासव तेवढं रोज यायचं,
माझ्या पाठीवर चढून बसायचं,
आणि काहीसुद्धा लिहायचं नाही.
कोण होतं ते, मी कधी विचारलं नाही.
कासवाला नाव विचारतं का कुणी?

संध्याकाळी मी पलीकडच्या काठावरून बघत होते.
तू लिहिलंस, "पाणी गार आहे."
मग काही नाही.
पंखवाला लांडगा आला, नाचला, तुला ललकारलं,
अंगावरून दोनदा उडाला.
काही नाही.
बराच वेळ गेला आणि तो थबकला.
पंखांचं विसरूनच गेला बहुतेक.
लिहिलं, "इथं कसला तरी वास येतोय,"
आणि एक पाऊल मागे घेतलं. चालत.

स्वयंपाकघरातून वहिनी दुसऱ्यांदा ओरडली,
"अन्वय, सेव उसळ गार होतेय!"
उत्तर नाही.
मी दारातून डोकावले.
दिवा घालवलेला, पडद्याचा हिरवट उजेड,
त्याच्या वर फक्त दोन डोळे.

मी वहिनीला हातानंच खूण केली, थांब.