एकतीस क्रमांकाची पापणी

कुओपिओत जानेवारीत साडेनऊला उजाडतं,
तेही नावापुरतं.
तळघरात त्याचीही गरज नाही.
इथे चुंबक रात्रंदिवस ठकठकतो
आणि मी, तुलीक्की, या कामावरची सर्वांत जुनी,
एकतीस नंबरच्या पांढऱ्या उंदराच्या
डाव्या डोळ्यात दर चार तासांनी जेल घालते.

त्याच्या कानाखालची नस
डॉक्टर राउनिओंनी चिमट्यात धरली होती,
तीस सेकंद, घड्याळ लावून.
तेव्हापासून त्या बाजूच्या मिशा
ओल्या झाडूसारख्या पडून.
उजव्या मात्र हवा चाचपत राहतात,
रजेवरच्या सोबतिणीची पाळीही
आपल्याच अंगावर घेतलेल्या.

डोळा मिटत नाही. झोपेतही.
डोळ्याला डोळा लागत नाही असं आपण म्हणतो,
उगाच म्हणतो.

दर मंगळवारी स्कॅन.
भूल, नाकाशी नळी, पोटाखाली ऊबदार गादी,
आणि पडद्यावर त्याचा मेंदू:
आपल्यासारख्या वळ्या नाहीत त्याला,
सोललेल्या बदामासारखा, गुळगुळीत.
"हे बघ," राउनिओ म्हणाले,
"इथे मिशांचा मुलूख होता.
आता पुढच्या पायाने कुंपण सरकवलंय.
मेंदू जागा रिकामी ठेवत नाही."
ते खूश होते.
मला वडिलांचं कारेलियातलं शेत आठवलं,
हद्दीपलीकडे राहिलेलं.
तिथे नंतर कुणीतरी बटाटे लावले.
चांगले आले म्हणे.

अठ्ठाविसाव्या दिवशी पहाटे
मी नळी घेऊन वाकले
आणि पापणी हलली.
गंजलेल्या शटरसारखी, अडत, अर्ध्यावर येऊन थांबली.
मी वहीत लिहिलं:
सहा दहा. डावी. अर्धी.

"स्कॅनमध्ये तर काही नाही अजून,"
राउनिओ म्हणाले, वही परत देताना.
वाईट माणूस नाही तो.
नाताळात सगळ्यांना मासा वाटतो, स्वतः धुरावलेला.
भिंतीवरच्या तक्त्यात
अठ्ठाविसाव्या दिवसापुढे एकच शब्द आहे,
ऊती,
आणि तो कापून घ्यावा लागतो.

डोळेझाक करायला पापण्या लागतात.
माझ्या दोन्ही धडधाकट,
एकोणीस वर्षं बिनतक्रार चालल्या.

दहाला त्याला न्यायला आले.
त्याआधी जेल घातलं एकदा.
तो मिशा हलवत माझा अंगठा हुंगत होता,
उजव्या बाजूने,
आणि, मला वाटलं,
थोडा डाव्यानेही.
हे वहीत नाही.