हातचा

कंपनीच्या स्टोअरमधून आमच्याकडे आले तीन संगणक,
पाठीवर अजून चिकटलेले मालमत्तेचे नंबर,
एकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात हिरवट डाग,
न घासलेल्या तांब्यावर धरतो तसा.
सातपूरला पत्र्याच्या शेडांमागे आमची मनपाची शाळा,
दुसरीचा वर्ग, पोरं बेचाळीस,
म्हणजे एका उंदराला चौदा.
माउसला आम्ही उंदीरच म्हणतो.
पहिल्या दिवशी मिसबाने शेपटी धरून
उचलून दाखवला होता सगळ्यांना.

बेरजेचा खेळ असा:
वर झाड, खाली विहीर, मधे पोपट.
उत्तर बरोबर आलं की तो एक फांदी चढतो,
'शाब्बास' म्हणतो, कुणा अनोळखी बाईच्या स्वच्छ आवाजात.
चुकलं की सटकतो,
गरगरत, पंख झाडत, थेट विहिरीत.
डुबुक.
वर तीन बुडबुडे.

आता तुम्हीच सांगा,
सात वर्षांच्या माणसाने यातलं काय निवडावं?

निहाल शिरसाठने वीस गणितं केली.
वीसच्या वीस चूक.
वीस वेळा पोपट बुडाला,
मागच्या बाकापर्यंत हसू सांडलं,
आणि निळ्या चौकटीत अक्षरं आली:
तुझे गुण शून्य. तुला सरावाची गरज आहे.
हा कागद छापून वर पाठवायचा असतो,
दर महिन्याच्या पंचवीस तारखेला.

मधल्या सुट्टीत डबा खाता खाता
मी त्याची उत्तरं बघत बसले.
सत्तावीस अधिक पंधरा, त्रेचाळीस.
अडतीस अधिक चार, त्रेचाळीस.
एकोणीस अधिक एकोणीस, एकोणचाळीस.
प्रत्येक उत्तर एकाने जास्त.
दोनाने कधीच नाही. कमी तर नाहीच नाही.
वीस वेळा खरं घर शोधून
वीस वेळा शेजारच्या घरात जाऊन बसला होता बेटा.
शेवग्याची शेंग हातात तशीच राहिली.
सव्वीस वर्षं शिकवतेय मी,
इतकं भरलेलं शून्य पाहिलं नव्हतं.

"मुद्दाम केलंस ना रे?"
तो चपलेचा बंद ओढत राहिला.
मग म्हणाला, "बाई, बरोबर आलं की नुसता चढतो तो."

दुपारी मी पुन्हा खडू घेतला.
सात न् पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक.
तेव्हा दुर्वा निगळ,
जी एरवी पेन्सिल चावण्यापुरतंच तोंड उघडते,
तिने विचारलं,
"ह्याला हातच नाही. मग हातचा कुठं ठेवतो?"

सगळ्या माना संगणकाकडे वळल्या.
कुणीतरी कीबोर्ड उचलून खाली बघितलं.
मिसबा म्हणाली, पोटात.
कुणी म्हणालं, वायरीत, म्हणून तर ती गरम होते.
दुर्वाने जरा वेळ ऐकून घेतलं.
"माझे पप्पा डाव्या हातावर धरतात," ती म्हणाली,
"उजव्याची दोन बोटं प्रेसमध्ये गेली.
आमच्याकडे दोन हातांचे आठच होतात.
पुढची दोन माझी घेतात."

प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत चौसष्ट पानं आहेत.
चालू कसा करावा, बंद कसा करावा,
पडदा कोणत्या फडक्याने पुसावा.

पंचवीस तारखेला मी कागद भरला.
निहाल शिरसाठ, वीसपैकी शून्य.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'हातचा धरावा.'
वरून अजून काही विचारणा नाही.

शनिवारी कारखाने बंद, आमची वीजही बंद.
तिन्ही पडदे काळे, आणि त्यांत
वाकलेली, पसरलेली बेचाळीस तोंडं.
निहाल बाकावर चढला. तोच पोपट.
दुर्वाने गणित घातलं, माझ्याकडे न बघता,
"बत्तीस न् एकोणतीस!"
क्षणभर वर्ग गप्प.
ओठ हलताहेत, बोटं मिटताहेत,
कुणी शेजाऱ्याची उसनी घेतंय,
एकसष्ट, एकसष्ट, मला दिसतंय तोंडातल्या तोंडात,

आणि मग सगळे एका सुरात,
छप्पर उडेल एवढ्याने,
"बासष्ट!"

डुबुक.