घट

पद्मश्रीनं वहीचं मधलं जोडपान काढलं,
उभी रेघ मारली,
डावीकडं लिहिलं : खर्च. उजवीकडं : मिळणार काय.
आणि पेन माझ्या हातात दिलं.
“आत्ती, तू केलीस न्हवं केमिस्ट्री? सांग की मग.”

खर्च मला पाठ आहे.
पाच वर्षांची फी. तीन वर्षं हुपरी-कोल्हापूर एसटीचा पास,
पुढची दोन राजारामपुरीत खोली,
तिघींत एक पंखा, तोही मालकाच्या मर्जीवर.
दोन अ‍ॅप्रन. पहिल्याला सल्फ्युरिकची भोकं,
वापरताना दिसली नाहीत, धुतल्यावर पडली.
ब्रेकेजमध्ये एक ब्युरेट,
फोडली दुसरीनं, नाव माझं लागलं.
आईच्या पाटल्या
मी लिहिल्या नाहीत.
त्या तुझ्या बापाला ठाऊक आहेत.

उजवीकडं लिही :
गोकुळ शिरगाव, पहिला पगार साडेचार हजार.
मुलाखतीत अणुभार कुणी विचारला नाही,
रात्रपाळी चालेल का, ते विचारलं,
आणि लग्नाचं काय.
मग लिही, साखर कारखान्याची लॅब. सीझनल.
बॉयलर पेटला की मी केमिस्ट,
शेवटची ट्रॉली रिकामी झाली की निम्म्या पगारावर घरी.
तासाला ब्रिक्स, तासाला पोल,
पहाटे तीनला रसाचा पीएच सातावर आहे का बघायचं
आणि मळीचा वास केसांत घेऊन
सात वाजता दुधाच्या रांगेत उभं राहायचं.
आमच्या बॅचचा सन्मती हैदराबादेत, औषधाच्या कंपनीत,
त्याच्या बंगल्याचे फोटो मी बघितलेत.
वैजयंता क्लास घेते, दहावीचे, गणितासकट.
एक जण अजून पीएचडीच्या मुदतवाढीचा अर्ज लिहितोय.
“म्हंजे सरासरी किती?” पद्मश्री विचारते.
सरासरी निघते गं.
तेवढा पगार मात्र आमच्यातल्या कुणालाच नाही.

मागच्या सोप्यात भूपालदादा पैंजणाचे तुकडे मुशीत टाकत होता.
मान वर न करता म्हणाला,
“घट धरलीस का त्यात?
किलोमागं घट धरल्याबिगर जो हिशोब करतो
तो सराफ न्हवं, बुडीत खातं.”

मला बोलायचं नव्हतं, पण बोलले.
दादा, तुझं धुवणाचं पाणी वर्षानुवर्षं मोरीत जायचं.
मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला,
दिवाळीच्या सुट्टीत घरी,
बादलीत मूठभर मीठ टाकलं.
पाणी दुधाळ झालं, मग फाटलं,
दह्यासारखं पांढरं तळाला बसलं.
तू म्हणालास, नासवलंस.
आठ दिवसांनी त्यातनं निघाली
एकशे बारा ग्रॅम.

“त्यातलं तुला काय दिलं पप्पांनी?”
काही नाही. मोरीला बोळा बसवला.
अजून आहे बघ.

पद्मश्री हसली नाही.
“मीठ कितीचं होतं?”
असेल दोन रुपयांचं.
“मग ही पाच वर्षं त्या दोन रुपयांच्या बाजूला लिहू
का एकशे बारा ग्रॅमच्या?”

मी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
खरं तर त्या दिवशी मला चांदी दिसलीच नव्हती.
मला दिसलं होतं
की पुस्तकातलं वाक्य आमच्या बादलीत खरं झालं,
आमच्या मिठानं, आमच्या मोरीपाशी.
आणि याला रकाना नव्हता,
आणि असं काही सांगून पोरीला फसवतेय की काय
याची भीतीही वाटली.
दोन महिने झाले,
निम्मा पगार अजून आलेला नाही.

दादानं हात पुसले, तो कागद उचलला,
घडी घालून तराजूवर ठेवला.
“सहा ग्रॅम ऐंशी,” म्हणाला. “कागदाला घट न्हाई.”
मग काटा शून्यावर आणला
आणि पुन्हा पैंजणांकडं वळला.

फॉर्मची शेवटची तारीख शनिवार.
पद्मश्री कागद उलगडून
उजवीकडं, सगळ्यात खाली,
“मीठ” एवढंच लिहिते,
पुढं आकडा नाही.